आवक, किमान, कमाल

वर्तमानपत्रातलं सर्वांत बारीक अक्षर मंडीभावांच्या वाट्याला येतं. सोयाबीन, डॉलर चणा, गहू, लसूण, कांदा. समोर आवक, किमान भाव, कमाल भाव. शहरातला वाचक त्या स्तंभावरून नजरही फिरवत नाही. सांवेर, देपालपूर, हातोद या बाजूला मात्र पेपर तिथूनच उघडतो. मी इंदूरच्या हिंदी पत्रकारितेत जिल्ह्याची पानं सांभाळत आले. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि गावात गेलं की माळवी, हे आमच्याकडच्या बहुतेक मराठी माणसांचं असतं तसंच माझं. तो भावांचा स्तंभ मी वर्षानुवर्षं लावून दिला. मंडीतून फोन यायचा, आकडे लिहून घ्यायचे, पान सोडायचं. दुसऱ्या दिवशी नवे आकडे. कालचे कुठे गेले, हे विचारायची वेळ कुणावर येत नसे.

२०१७ च्या जूनमध्ये ती आली. कांद्याचे भाव पडले होते, माळव्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. ६ जूनला मंदसौर जिल्ह्यात पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. राज्य सरकारने आठ रुपये किलोने कांदा विकत घ्यायचं जाहीर केलं आणि मंड्यांबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागल्या. आम्ही सगळे बातमीदार तेव्हा गावोगाव फिरत होतो. प्रत्येकाच्या बातमीत एक शेतकरी, एक ट्रॉली आणि एक भाव. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पण हा भाव किती मंड्यांत पडला, कोणत्या आठवड्यापासून, आधीच्या वर्षी याच दिवसांत काय होता, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येत नव्हतं. आणि आकडे तर रोज जगासमोर ठेवलेले होते! केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट हे संकेतस्थळ २००० सालापासून चालू आहे. देशभरातल्या मंड्या तिथे दिवसाची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव चढवतात. कुणालाही बघता येतात, फुकट.

अडचण एवढीच की ते खिडकीतून एकेक पर्ची मिळावी तसे मिळत. एक पीक निवडा, एक जिल्हा निवडा, तारीख निवडा, बटण दाबा. माळव्यातल्या साऱ्या मंड्या, चार-पाच पिकं, काही वर्षांचे दिवस, हा गुणाकार हाताने करत बसलं तर पान कधीच सुटणार नाही. हे यंत्राकडून करून घेता येतं आणि जगात कितीतरी बातमीदार ते करतात, हे मला ऐकून माहीत होतं. जँगो नावाची वेबसाइट बांधायची जी प्रसिद्ध चौकट आहे, ती अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्माला आली. पीडीएफमधले तक्ते बाहेर काढणारं टॅब्युला हे साधन बातमीदारांनीच बातमीदारांसाठी तयार केलं. म्हणजे ही विद्या आमच्या धंद्याला परकी नव्हती. मला ती येत नव्हती, इतकंच.

रामबागेत आमच्या शेजारची मुलगी गोविंदराम सेकसरिया या इंजिनियरिंग महाविद्यालयात शिकते. तिने शिकवायचं कबूल केलं. पहिल्या संध्याकाळी मी वही-पेन घेऊन बसले, तर ती म्हणाली, "मावशी, लिहून नको घेऊ. पान उघड आणि त्याच्या मागे काय आहे ते बघ." ब्राउझरमध्ये उजवं बटण दाबून 'इन्स्पेक्ट' म्हटलं की पानाचा सांगाडा उघडतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वर रंगीत पट्टी, मंत्र्यांचा फोटो, सरकती सूचना. खाली मात्र सरळसोट टेबल, त्यात ओळी, ओळीत खाने. ज्या पानाकडे मी इतकी वर्षं फक्त बघत होते ते वाचता येतं, हे कळल्यावर मला खरोखर आनंद झाला. कंपोझिंग खात्यात खिळे जुळवणारी माणसं पान उलटं वाचायची, असं जुने लोक सांगत. तो हेवा वाटण्यासारखा गुण आपल्यालाही साध्य होईल, असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

पायथॉन ही भाषा गीडो व्हान रोसुम यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. ती वाचायला सोपी आहे, हे सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. 'रिक्वेस्ट्स' नावाची लायब्ररी पान मागवते, 'ब्यूटिफुल सूप' नावाची दुसरी त्या पानातून हवे ते खाने वेचून देते. मग लूप लावायचा: या यादीतल्या प्रत्येक मंडीसाठी, या प्रत्येक तारखेसाठी, हेच कर आणि मिळेल ते फाइलमध्ये लिही. एवढा भाग चिकाटीने कुणालाही जमतो. जुन्या धाटणीच्या सरकारी पानांवर एक छुपा लांबलचक मजकूर असतो, 'व्ह्यूस्टेट' म्हणतात त्याला. तो दर वेळी पानाला परत द्यावा लागतो, नाहीतर सर्व्हर ओळखच दाखवत नाही. तेही जमतं. काही वेळा तर पान असं खरडायची, म्हणजे त्यातून खाने वेचून काढायची, गरजच नसते. डेटा डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून किल्ली, म्हणजे परवानगीचा एक संकेत, घेतली की त्या दिवसाचे मंडीभाव सरळ यंत्राला वाचता येतील अशा रूपात मिळतात. पण ते त्या दिवसाचेच. ज्याला कालचे हवेत त्याने काल घेऊन ठेवायला हवे होते. म्हणून रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आपोआप चालणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लावून ठेवला आणि तो आजही चालू आहे.

खरं शिकणं याच्यानंतर सुरू झालं. "सोयाबीनला भाव बरा मिळतोय का?" हा प्रश्न मी मंडीत हजारदा विचारला असेन आणि दर वेळी समोरच्याने उत्तर दिलं असेल. तोच प्रश्न यंत्राला विचारताच येत नाही. सोयाबीन म्हणजे कोणतं? तक्त्यात 'पिवळं' वेगळं, 'इतर' वेगळं. भाव म्हणजे तीन स्तंभांपैकी कोणता? मिळतोय म्हणजे केव्हा? नवं पीक सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं, तेव्हाचा भाव आणि मे महिन्यात साठवलेल्या मालाचा भाव एकत्र करून सरासरी काढली तर ती कुणाच्याच आयुष्यातली नसते. आणि बरा म्हणजे कशापेक्षा? हमीभावापेक्षा? २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, २०२५-२६ मध्ये ५,३२८. मग ऑक्टोबरच्या कोणत्या तारखेपासून नवा हमीभाव धरायचा, हेही कुणीतरी ठरवायला हवं. ते मलाच ठरवायचं होतं, आणि लिहून ठरवायचं होतं. बातमीत 'भाव गडगडले' असं लिहून आपण सहज पुढे जातो. कोडमध्ये तसं जाता येत नाही. मी ज्या वाक्यांवर इतकी वर्षं पानं भरली, त्यांतल्या किती वाक्यांच्या तळाशी असा न ठरवलेला प्रश्न होता, हा विचार अजूनही माझा पाठलाग करतो. मला तो हवासा वाटतो.

सर्वसाधारण भाव हा शब्द स्तंभात रोज येतो, पण तो सरासरी भाव नव्हे. त्या दिवशी सर्वांत जास्त माल ज्या भावाने गेला, तो. समजा, मंडीत शंभर ट्रॉल्या आल्या. साठ एका भावाने गेल्या आणि चाळीस, पावसात भिजलेल्या, त्याहून पुष्कळ खाली गेल्या. तर सर्वसाधारण भाव त्या साठांचाच राहील. त्या चाळीसांचं दुःख त्यात कुठेही दिसणार नाही. ते किमान भावाच्या खान्यात एका आकड्याने उमटेल, आणि तेवढं खाली एक ट्रॉली गेली की चाळीस, हे तो आकडा सांगणार नाही. सोयाबीनचं आमच्याकडे असंच आहे. ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा, आणि काढणीच्या आठवड्यात पाऊस झाला की दाणा ओला आणि डागी निघतो. व्यापारी मूठभर दाणे हातात घेतो, दाताखाली एक फोडतो, आणि ढिगाचा भाव ठरतो. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी किमान आणि सर्वसाधारण यांच्यातलं अंतर रोज मोजायला लावलं. ज्या आठवड्यांत ते अंतर रुंदावतं, ते आठवडे मी पावसाच्या नोंदींशी लावून बघते आणि गाडी काढून मंडीत जाते. लक्ष्मीबाई नगर किंवा छावणीच्या मंडीत उभं राहून एखाद्या शेतकऱ्याला "भाव कसा?" विचारण्यात आणि "परवाच्या मंगळवारी तुमचा माल किती ओलावा सांगून घेतला?" असं विचारण्यात फार फरक आहे. दुसऱ्या प्रश्नाला माणूस थांबतो, खिशातून कागद काढतो.

शेजारच्या मुलीला मी शिकवण्यासारखंही बरंच निघालं, हे सांगायला हवं. तक्त्यात मध्येच रिकाम्या तारखा यायच्या. तिला वाटे की प्रोग्रॅम अडखळतो आहे, कुठे शून्य भरावं, कुठे आजूबाजूच्या दिवसांवरून अंदाज भरावा. मी पंचांग काढलं. आमच्याकडच्या कित्येक मंड्या अमावास्येला बंद असतात; हम्माल आणि माल तोलणारे तुलावटी सुट्टी घेतात. रंगपंचमीला तर सगळं इंदूर राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघायला असतं. दिवाळीत आठवडाभर व्यवहार नसतो. त्या दिवशी भाव शून्य नव्हता. त्या दिवशी बाजारच नव्हता. आणि दिवाळीनंतर एक तारीख अशी दिसायची की कमाल भावाचा खाना आभाळाला भिडलेला. "ही ओळ काढून टाकू, मावशी? आऊटलायर आहे," ती म्हणाली. ते मुहूर्ताचे सौदे. नव्या वर्षाची पहिली बैलगाडी किंवा ट्रॉली व्यापारी हौसेने, मान म्हणून, वाटेल तेवढ्या चढ्या बोलीने घेतात. हारतुरे होतात, फोटो निघतात. ती ओळ काढायची नाही, तिच्यासमोर 'मुहूर्त' असं लिहायचं आणि हिशोबातून बाजूला ठेवायची. ज्याने मंडी पाहिली नाही त्याला पुस्तकातल्या नियमाने ती ओळ निव्वळ चूक वाटेल. इंजिनियरिंगच्या मुलांनी पत्रकारिता करावी आणि पत्रकारांनी घरी बसावं, असं हल्ली काहीजण मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात. त्यांना हे मुहूर्ताचे सौदे दाखवावेसे वाटतात.

देवनागरीचा एक वेगळाच धडा आहे. हिंदी पत्रकांतून आलेली गावांची नावं एकत्र केली, तर बड़नगर दोनदा उगवलं. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखी. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, ते नुक्त्याचं, खाली टिंब असलेलं अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकदा सबंध एक अक्षर म्हणून आणि एकदा 'ड' आणि खाली वेगळा नुक्ता म्हणून; यंत्राला ती दोन निराळी गावं दिसतात. सगळी नावं आधी एका साच्यात आणावी लागतात. जुनी पत्रकं तर कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टमध्ये टंकलेली. पडद्यावर शुद्ध हिंदी दिसते, मजकूर उचलला की रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा हाती येतो, कारण तो फॉन्ट मुळात रोमन अक्षरांवरच हिंदीचे आकार चढवतो. ते उलगडणारे तक्ते लोकांनी बनवून ठेवले आहेत, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. एका गोष्टीने मात्र मन भरून आलं. पायथॉनला '४५' हे देवनागरीत दिलं, तर ते तो थेट आकडा म्हणून घेतो, बेरीज करून दाखवतो. आपल्या आजोबांनी ज्या अंकांत हिशोब लिहिले ते अंक या भाषेला परके नाहीत, हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर मी तिच्याकडे कितीतरी लवकर वळले असते.

माझे वडील हिशोबखात्यात होते. रोजकीर्द आणि खतावणी यांची सरमिसळ करू द्यायचे नाहीत. दिवसभरात जे घडलं ते जसंच्या तसं रोजकीर्दीत. तिथे खाडाखोड नाही. मग त्यावरून खतावणी, आणि शेवटी ताळा. माझ्या लॅपटॉपवर आज त्याच पद्धतीने दोन कप्पे आहेत. सर्व्हरकडून आलेलं पान जसं आलं तसं तारखेसह पहिल्या कप्प्यात पडतं आणि त्याला कुणी हात लावत नाही, मीसुद्धा. नावं सुधारणं, मुहूर्त बाजूला काढणं, सरासरी लावणं, हे सगळं दुसऱ्या कप्प्यात. उद्या कुणी म्हणालं की हा आकडा तुम्ही बनवला, तर त्याच्यासमोर मूळ पान ठेवता येतं. सरकारी पानं बदलतात, हलतात, एखाद्या सकाळी पत्ताच नाहीसा होतो. आपल्याकडे त्या दिवसाची प्रत असणं हा बातमीदाराचा पुरावा असतो.

आकड्यांना प्रश्न विचारायची ही परंपरा आपली आहे, हे मला शिकता शिकता अधिकाधिक जाणवत गेलं. दादाभाई नौरोजी १८७० च्या दशकात इंग्रज सरकारचेच अहवाल घेऊन बसले. प्रांताप्रांताची पिकं, त्यांचे भाव मांडले आणि हिंदी माणसाचं वर्षाचं उत्पन्न वीस रुपयांच्या आसपास येतं, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिलं. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत, अंकगणिताचं पाठ्यपुस्तक त्यांच्या नावावर आहे. १९०२ मध्ये अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी सरकारच्या शिलकीचं पोट फाडून दाखवलं: ही शिलक भरभराटीची नाही, करांच्या ओझ्याची आहे. पुढच्या वर्षी मिठावरचा कर उतरला. गोखल्यांच्या मागे गणेश व्यंकटेश जोशी नावाचा एक शाळामास्तर होता. न्यायमूर्ती रानडे आणि गोखले दोघांनाही जोशींनी सरकारी अहवालांतून आकडे वेचून, ताळा करून पुरवले. रानडे-गोखल्यांचे पुतळे उभे राहिले, जोशींचं नाव आज किती जणांना ठाऊक आहे? मला त्यांच्याविषयी फार ओढ वाटते. कंदिलाच्या उजेडात निळ्या पुठ्ठ्यांचे अहवाल उलटत ओळीमागून ओळ वहीत उतरवणारा तो मास्तर जे करत होता, तेच मी करते. माझ्याजवळ लूप आहे, त्यांच्याजवळ नव्हता.

आता ज्या बातमीसाठी हे सगळं उपयोगी पडलं, ती सांगते. तक्ता चाळताना एका मंडीच्या ओळी डोळ्यांत भरल्या. मंडीचं नाव देत नाही. आवक रोज वेगळी, पण किमान, कमाल आणि सर्वसाधारण हे तिन्ही भाव दिवसामागून दिवस हुबेहूब तेच. पुन्हा काही दिवस बदलायचे आणि पुन्हा गोठायचे. सोयाबीनचा बाजार तेलाच्या दरावर, तेल काढणाऱ्या प्लांटच्या मागणीवर, आभाळावर रोज हलतो; तीन-तीन आकडे एकाच वेळी थिजत नाहीत. छापील स्तंभात हे मला कधीही दिसलं नसतं, कारण छापील स्तंभात काल नसतो. यंत्राला मी सांगितलं की ज्या ज्या मंडीत तिन्ही भाव लागोपाठ सारखे आले, त्या तारखा वेगळ्या काढ. यादी आली. ती यादी म्हणजे बातमी नव्हती, फक्त जायचं कुठे ते कळलं होतं.

मध्य प्रदेशच्या मंडीत शेतकऱ्याच्या हातात कागदांची एक साखळी पडते: फाटकावर प्रवेश पर्ची, लिलावानंतर अनुबंध म्हणजे सौद्याचा करार, काट्यावर वजनाची तौल पर्ची आणि पैसे मिळताना भुगतान पत्रक. त्यावर तारीख, वजन आणि भाव असतो. मी त्या मंडीच्या आसपासच्या गावांत फिरले आणि नेमक्या त्या तारखांची भुगतान पत्रकं मागितली. लोकांनी डब्यांतून, पोथीच्या कपाटातून, गाडीच्या कप्प्यातून काढून दिली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बेनजी, भाव बोर्ड पे अलग, पोर्टल पे अलग, और हाथ में आवे वो अलग." पत्रकांवरचे भाव रोज हललेले होते, कुठे थोडे, कुठे बरेच, पोर्टलवर मात्र तेच तीन आकडे. मग मंडीच्या कचेरीत गेले. नोंदी चढवणारा मुलगा कंत्राटी, फाटकाच्या पर्च्याही त्याच्याकडेच, नेट गेलं की संध्याकाळी घाईने कालचेच आकडे पुन्हा चढवायचा. त्याने ते काही लपवलं नाही. त्याचा पगार, त्याच्यावरचं काम आणि त्याच्या हातून जाणाऱ्या आकड्याचं वजन यांचा काही मेळच नव्हता, आणि बातमीत मी तेच जास्त लिहिलं.

कारण त्या आकड्याला वजन आहे. २०१७ मध्ये राज्यात भावांतर भुगतान योजना आली. हमीभाव आणि मंड्यांच्या भावांवरून काढलेला 'मॉडल' भाव, यातला फरक सरकार शेतकऱ्याच्या खात्यात टाकणार, अशी तिची रचना. म्हणजे मंडीत चढवलेला भाव फिरून शेतकऱ्याच्या पासबुकात येतो. सोयाबीनसाठी ही पद्धत २०२५ मध्ये पुन्हा आणली गेली. एका मंडीचे थिजलेले आकडे सरासरीत किती मिसळतात, हे त्या-त्या दिवसाच्या आवकेवर अवलंबून. पण अशा मंड्या किती आणि अशा तारखा किती, हे कुणीतरी रोज बघत राहायला हवं की नको? बातमीनंतर त्या मंडीच्या नोंदी रोज वेगळ्या येऊ लागल्या आहेत. मी अजूनही बघते.

दोन याद्या जोडण्याचं बळ किती असतं, हे सबंध देशाने २०२४ मध्ये पाहिलं. १५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले. १४ मार्चला निवडणूक आयोगाने याद्या प्रसिद्ध केल्या: एकात कुणी रोखे घेतले, दुसऱ्यात कोणत्या पक्षाने वटवले. दोन्हींच्या मध्ये दुवा नाही. न्यायालयाने पुन्हा खडसावल्यावर २१ मार्चला प्रत्येक रोख्याचा क्रमांक बाहेर आला, आणि बातमीदारांनी पीडीएफमधून ओळी काढून क्रमांकाला क्रमांक जोडला. एक समान स्तंभ मिळाला की देणारा आणि घेणारा समोरासमोर येतात. तो स्तंभ मिळवण्यासाठी न्यायालयात लढावं लागलं, आणि तो मिळाल्यावर जोडायला येणारी माणसं वर्तमानपत्रांत असावी लागली. दोन्ही गोष्टी लागतात.

हे करताना काही बंधनं मी स्वतःला घालून घेतली आहेत, आणि नवीन शिकणाऱ्यांना ती मी पहिल्याच दिवशी सांगते. दोन मागण्यांमध्ये थांबायचं. जो सर्व्हर शेतकऱ्यांसाठी आहे, तो माझ्या घाईने बसता कामा नये. १९९४ पासून संकेतस्थळांच्या दाराशी 'रोबोट्स' नावाची एक छोटी फाइल ठेवायचा रिवाज आहे, यंत्रांनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये हे त्यात लिहिलेलं असतं. ती आधी वाचायची. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ परवानगीशिवाय माहिती उचलण्याविषयी बोलतं, ते वाचायचं, आणि शंका असेल तर संपादकाला आणि वकिलाला विचारायचं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सरकारने आपणहून काय प्रसिद्ध करायला हवं ते सांगतं. जे पानावर नाही ते अर्ज करून मागायचं. आणि माणसांची नावं उचलायची नाहीत. कितीतरी योजनांच्या याद्यांत लाभार्थ्याचं नाव, बापाचं नाव, गाव असं सगळं उघड्यावर असतं. ते तिथे आहे म्हणून माझ्या फाइलमध्ये आलंच पाहिजे असं नाही. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या खासगीपणाच्या कलमात बदल केला, तेव्हापासून अधिकाऱ्यांची नावंही या पडद्याआड जातील अशी भीती अनेक कार्यकर्ते बोलून दाखवतात. ती मला रास्त वाटते. गरिबाचं नाव झाकावं आणि निर्णय घेणाऱ्याचं उघडं असावं, अशी माझी समजूत आहे.

सध्या लसूण हातात घेतला आहे. मंदसौर, नीमच, रतलाम, उज्जैन, इंदूर, हा सारा लसणाचा पट्टा. लसूण भाजी की मसाला, हा वाद उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात बरीच वर्षं चालला, आणि २०२४ मध्ये न्यायालयाने दोन्ही प्रकारच्या बाजारांत तो विकायची वाट मोकळी ठेवली. बाजार बदलला की विक्रीची पद्धत बदलते, आडत्या मध्ये येतो किंवा येत नाही, आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम बदलते. माझ्या तक्त्यात मात्र लसूण एकाच नावाने येतो. कोणता ढीग कोणत्या आवारात विकला गेला, ते तिथे लिहिलेलं नाही. म्हणून या हंगामात चोइथराम मंडीत येणाऱ्या शेतकऱ्यांकडून भुगतान पत्रकांचे फोटो मागते आहे, नाव झाकून, फक्त तारीख, वजन, भाव आणि कापलेली रक्कम. शेजारच्या मुलीने त्यांच्यासाठी वेगळा स्तंभ जोडून दिला आहे. देवास, धार, शाजापूर या बाजूच्या कुणाकडे लसणाची जुनी पत्रकं ठेवलेली असतील तर मला हवी आहेत, २०१५ नंतरची कोणत्याही वर्षाची चालतील.